तूर पिकवणाऱ्या गावाने डाळ विकत का घ्यावी? महिला गटाच्या डाळ केंद्राविषयी

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात, आमच्या शेजारच्या गावात, महिला बचत गटाने चालवलेले एक छोटे डाळ केंद्र आहे. तिथे शेतकऱ्यांची तूर आणि हरभरा भरडून मिळतो, हंगामात मिरची आणि हळद मिळते, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परसबागेसाठी भाजीपाल्याची रोपे व बियाणे मिळते. गेल्या काही हंगामांपासून आमच्या घराची वर्षाची साठवण बहुतांशी याच केंद्रावर अवलंबून आहे. किराण्याचे भाव वाढत असताना अशा ठिकाणाचा नेमका किती उपयोग होतो, कुठे ते अपुरे पडते आणि कोणत्या गोष्टी तिथून घेऊ नयेत, हे सविस्तर लिहावे असे फार दिवसांपासून मनात होते.

आमच्या भागाची एक जुनी व्यथा आहे. कपाशीच्या आणि सोयाबीनच्या ओळींमध्ये घराघरांत तूर पेरली जाते, डिसेंबर-जानेवारीत ती निघते, आणि उधारी फेडण्यासाठी ती बहुतेक सगळी लगेच बाजार समितीत जाते. त्यानंतर दिवाळीच्या सुमारास तेच घर किराणा दुकानातून पाव किलो, अर्धा किलो अशी डाळ विकत आणते. आवक सुरू असताना भाव पडलेला असतो आणि आवक संपल्यावर तो चढतो, त्यामुळे पिकवणारा दोन्ही टोकांना नुकसान सोसतो. २०१५च्या ऑक्टोबरमध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांपर्यंत गेली होती, हे कोणीही गृहिणी विसरलेली नाही. २०१६-१७च्या हंगामात पीक उदंड आले, तेव्हा बोनससह ५,०५० रुपये हमीभाव असूनही २०१७च्या उन्हाळ्यात शेतकरी तुरीची पोती घेऊन खरेदी केंद्रांसमोर ताटकळत उभे होते. आजही मोझांबिक आणि म्यानमारमधून किती तूर येते, यावर आमच्या ताटातल्या वरणाचा भाव बऱ्याच अंशी ठरतो. तो भाव ठरवणे आपल्या हाती नाही. परंतु निघालेल्या तुरीपैकी घरापुरती तूर बाजूला काढणे आणि तिची गावातच डाळ करून घेणे हे मात्र नक्कीच आपल्या हाती आहे. या केंद्राचे खरे मोल मला त्यातच वाटते.

केंद्रातले यंत्र अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या मिनी डाळ मिलच्या धर्तीचे आहे. एका लांबट खोलीत ते बसवलेले आहे आणि बाहेर सिमेंटचे मोठे खळे आहे. तूर नेली की गटातल्या बाई आधी मूठभर दाणे तळहातावर घेतात आणि त्यातला एक दाताखाली धरतात. कडकन फुटला तर ठीक. नुसता दबला तर तूर परत पाठवली जाते. आमच्या बाबतीतही असे झाले आहे. "काकू, तुमची तूर ओली हाय. अजून दोन ऊनं दाखवा न मंग आना," असे त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि दारी आलेले गिऱ्हाईक परत पाठवण्यात त्यांना मुळीच संकोच वाटला नाही. ओल्या तुरीची डाळ कमी पडते, तुकडा जास्त होतो आणि साठवणीत ती लवकर खराब होते, हे त्या जाणून आहेत. माझ्या मते या सेवेतली सर्वांत विश्वासाची गोष्ट हीच आहे.

त्यानंतरचे काम सावकाशीचे आहे. चाळणीवर तूर निवडली जाते आणि दाण्यांची लहान-मोठी अशी प्रतवारी होते. पहिल्या फेरीत एमरी या घासणाऱ्या दगडाच्या खरबरीत रोलरवरून दाणा जातो, तेव्हा सालाला फक्त ओरखडे पडतात. मग दाण्यांना थोडे तेल चोळून ढीग रात्रभर झाकून ठेवतात, म्हणजे ओरखड्यांमधून तेल आत मुरते आणि साल व डाळ यांच्यामधला चिकटपणा सुटतो. दुसऱ्या दिवशी पाण्याचा हलका हात देऊन तूर खळ्यावर पसरतात, चांगली कडक वाळू देतात आणि नंतर पुन्हा यंत्रात घालतात. या फेरीत साल निघते आणि दाणा दोन पाकळ्यांत फुटतो. पंख्याच्या वाऱ्याने टरफल एका बाजूला उडते, चुनी, म्हणजे डाळीचा बारीक चुरा, खालच्या चाळणीत पडते आणि पिवळी डाळ पुढे येते. काही दाणे तरीही सालासकट राहतात. ते वेगळे काढून पुन्हा एकदा फिरवतात. आमच्या सासूबाई जात्यावर डाळ करायच्या, तेव्हा भिजवणे, वाळवणे आणि भरडणे यांत घरातल्या बायकांचा आख्खा पंधरवडा जायचा आणि डाळीचा तुकडाही बराच व्हायचा. इथे ते कष्ट पूर्णपणे वाचतात.

आता हिशोब. आमच्या पाच माणसांच्या घराला वर्षाला साधारण ५० किलो तूरडाळ लागते, कारण विदर्भात वरण रोज शिजते आणि सणावाराला पुरणही होते. त्यासाठी ७० किलो तूर बाजूला ठेवावी लागते. केंद्रात तुरीच्या वजनावर किलोमागे ८ रुपये भरडाई घेतात, म्हणजे ७० किलोचे ५६० रुपये होतात. तूर क्विंटलला ७,००० रुपयांनी विकली गेली असती असे धरले, तर घरी ठेवलेल्या तुरीची किंमत ४,९०० रुपये होते, आणि भरडाईसह डाळ किलोला सुमारे १०९ रुपयांना पडते. २०२५-२६च्या हंगामासाठी जाहीर झालेल्या ८,००० रुपयांच्या हमीभावाने तूर विकणे खरोखर शक्य असेल, तर तीच डाळ १२३ रुपयांना पडते. हा आकडा त्या दिवशीच्या किराणा दुकानातल्या भावाशी प्रत्येकाने स्वतः ताडून पाहावा. ज्या वर्षी आवक भरपूर असते, त्या वर्षी जानेवारीत हा फरक अगदी थोडा दिसतो आणि एवढ्यासाठी खटाटोप कशाला, असे वाटू शकते. परंतु तुलना जानेवारीच्या भावाशी करणे योग्य नाही, कारण ही डाळ आपण सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्येही खाणार असतो. भाव वाढला तरी आपल्या कोठीतल्या डाळीला तो लागू होत नाही, आणि मजुरीवर चालणाऱ्या किंवा पिकाच्या पैशावर वर्ष काढणाऱ्या घरासाठी ही निश्चिंतता किलोमागच्या चार रुपयांपेक्षा मोठी असते.

उरलेल्या २० किलोंचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. त्यातले टरफल आणि चुनी हे केंद्र पोत्यात भरून परत देते. भरडणारा चुनी स्वतःकडे ठेवून घेतो, अशी पद्धत आमच्याकडे अनेक ठिकाणी आहे, आणि गिऱ्हाइकालाही त्याचे काही वाटत नाही. ज्यांच्या गोठ्यात म्हैस किंवा बैलजोडी आहे, त्यांनी मात्र चुनी सोडू नये. ढेपेचे भाव पाहता तिचे मोल बरेच आहे.

डाळीच्या गुणाविषयी सांगायचे तर, दुकानातली तेलपाण्याने पॉलिश केलेली डाळ पाहण्याची सवय असलेल्यांना ही डाळ प्रथम फिकी आणि थोडी खरबरीत दिसेल. पाकळीच्या कडेला कुठे कुठे तांबूस सालाचा अंश राहतो. शिजवल्यावर मात्र ती लवकर गळते, वरण दाट येते आणि फोडणी घालण्यापूर्वीच तिचा स्वतःचा एक गोडसर वास येतो. आम्ही बीडीएन ७११ या पांढऱ्या तुरीची आणि आशा या लाल तुरीची अशी दोन्ही प्रकारची डाळ करून घेतली आहे. घरातल्या सर्वांना लाल तुरीच्या डाळीचे वरण अधिक आवडते. पुरणासाठी मला दोन्हींत फारसा फरक जाणवला नाही.

या सेवेच्या उणिवाही आहेत आणि त्या लहान नाहीत. पहिली अडचण गर्दीची. फेब्रुवारीत सगळ्यांची तूर एकदम येते, यंत्र एकच आहे आणि गावातली वीज वेळेवर असेलच असे नाही. त्यामुळे सांगितलेल्या दिवशी डाळ मिळेल, असे धरून चालू नये. दुसरी अडचण उन्हाची. सगळी वाळवण खळ्यावर होते आणि आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये ढगाळ हवा, अवकाळी पाऊस, क्वचित गारपीटही होते. अशा वेळी काम अडते, त्याला इलाज नाही; पण खळ्यावर टाकायला चांगल्या ताडपत्र्या आणि झाकायला एखादी शेड असायला हवी, ती अजून नाही. तिसरी गोष्ट मला सर्वांत खटकते. कमी वजनाची तूर असेल तर ती दुसऱ्या कोणाच्या तुरीत मिसळून भरडली जाते आणि वजनाच्या प्रमाणात डाळ वाटून दिली जाते. ज्याने स्वच्छ, निवडलेली तूर आणली, त्याच्यावर हा अन्याय होतो. ५० किलोंच्या वर तूर असेल तरच वेगळा घाणा लागतो, म्हणजे ती स्वतंत्रपणे भरडली जाते, हे नाव नोंदवतानाच स्पष्टपणे सांगायला हवे.

डाळ घरी आल्यावर ती वर्षभर टिकवणे ही आपली जबाबदारी आहे, आणि त्या बाबतीत गटातल्या महिला जे सांगतात ते अगदी बरोबर आहे. अख्ख्या तुरीला भुंगा लवकर लागतो, कारण त्याची अंडी शेतातच शेंगेवर घातली जातात आणि कीड दाण्याबरोबरच घरात येते. भरडलेल्या डाळीला त्याचा त्रास त्यामानाने पुष्कळ कमी असतो. म्हणून तूर पोत्यात ठेवून लागेल तशी भरडण्यापेक्षा एकदमच डाळ करून घ्यावी. साठवण्यापूर्वी डाळ पुन्हा उन्हात कडक वाळवावी, परंतु गरम डाळ तशीच कोठीत भरू नये. ती रात्रभर सावलीत निवू द्यावी, नाहीतर झाकणाच्या आतल्या बाजूला ओल धरते आणि बुरशी येते. पत्र्याची कोठी तोंडापर्यंत भरावी, म्हणजे आत हवा कमी राहते. रोजच्या वापरासाठी महिन्याभराची डाळ वेगळ्या डब्यात काढावी आणि मोठी कोठी वारंवार उघडू नये. किलोला ५ ते १० मिलिलिटर खाद्यतेल चोळून ठेवण्याची रीतही कडधान्यासाठी चांगली आहे. कडुनिंबाचा पाला घालायचा असेल तर तो सावलीत पूर्ण वाळलेला असावा. एक गोष्ट मात्र निक्षून सांगते: धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या, ज्यांना गावात सल्फासच्या गोळ्या म्हणतात, त्या राहत्या घरात कधीही वापरू नयेत. त्यांतून निघणारा फॉस्फीन वायू झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. केंद्रात या गोळ्या विकायला ठेवत नाहीत, याचे मला समाधान वाटते.

गहू, मिरची आणि हळद यांबद्दल थोडक्यात. गहू केंद्रात मिळतो, पण तो बाहेरून आणलेला असतो आणि भावही बाजारापेक्षा कमी नसतो. आम्ही लोकवन गहू मार्च-एप्रिलमध्ये ओळखीच्या शेतकऱ्याकडूनच घेतो. मिरची मात्र इथूनच घ्यावी. शेजारच्या नागपूर जिल्ह्यातली भिवापुरी मिरची हंगामात अख्खी, देठासकट मिळते. रंग गडद लाल असतो, हातात घेतली की खुळखुळ वाजते आणि तिखटपणा भरपूर असतो. हळद तर आमच्याच तालुक्यातल्या वायगावची, जिला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. ती पुडीत घेण्याऐवजी हळकुंडे घ्यावीत आणि लागेल तशी दळून आणावी. हळकुंड वर्षभर जसेच्या तसे राहते, वास उडत नाही, आणि दळलेल्या हळदीत पिवळा रंग मिसळला असेल का, ही शंकाही राहत नाही.

तेल केंद्रात मिळत नाही आणि ते वर्षाचे भरून ठेवण्याचा आग्रहही कोणी धरू नये. आपल्या देशाला लागणारे निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते, म्हणून त्याचा भाव आयात शुल्कावर हलतो. सप्टेंबर २०२४मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के झाले आणि भाव एकदम चढले. मे २०२५अखेर ते १० टक्क्यांवर आणले गेले. शिवाय तेल उष्णतेत खवट होते, आणि आमच्या उन्हाळ्यात घरातली एकही खोली थंड राहत नाही. दोन-तीन महिन्यांपुरते तेल घ्यावे, त्यापेक्षा अधिक नको.

आता परसबागेचा भाग. डाळ-धान्य कोठीत भरले तरी भाजी रोज लागते, आणि पावसाळ्यात तिचा भाव पाहून आमच्या बाजारात बायका नुसत्या टोपल्या न्याहाळून परत फिरतात. २०२३च्या जुलैत अनेक शहरांत टोमॅटो किलोला दीडशे रुपयांच्या पुढे गेले होते आणि खेड्यांतही परिस्थिती फार वेगळी नव्हती. बचत गटांसाठीच्या राज्य सरकारच्या उमेद अभियानाच्या पोषण परसबाग मोहिमेमुळे आमच्या भागातल्या गटांना रोपे तयार करण्याची सवय लागली, आणि या केंद्राचा छोटा रोपमळा त्यातूनच उभा राहिला आहे. जूनमध्ये तिथे वांगी, मिरची आणि टमाट्याची रोपे २ रुपयाला एक याप्रमाणे मिळतात. ट्रेमधून रोप उपसले की मुळांचा पांढरा, घट्ट गड्डा अखंड बाहेर येतो, माती गळत नाही. अशी रोपे लावल्यावर क्वचितच मरतात. यांखेरीज अंबाडी, चवळी, दोडके, कारले, गवार, ढेमसे आणि कोहळे यांचे गावरान बियाणे कागदी पुड्यांत असते. पुडीवर बी कोणत्या महिन्यात धरले ते लिहिलेले असते. ही काळजी मोठ्या दुकानांतही क्वचितच दिसते. गावरान असल्यामुळे त्याचे बी पुढच्या वर्षीसाठी आपल्यालाही धरता येते.

एक तक्रार इथेही आहे. फेब्रुवारीत केंद्राने टमाट्याची रोपे विकली आणि अनेकींनी ती हौसेने लावली. एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा टमाट्याची फुले फळ न धरताच गळतात. पाणी, खत, सावली काहीही केले तरी त्यात फारसा फरक पडत नाही. झाडे हिरवीगार राहिली आणि फळ जवळजवळ आले नाही. हे सांगितल्यावर गटाने मान्य केले, पण ती रोपे विकायलाच नको होती. उन्हाळ्यासाठी चवळी, भेंडी, ढेमसे आणि अंबाडी ही पिके आमच्या हवेला मानवतात. न्हाणीचे पाणी वळवून, बुडाशी तुरीचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) पसरून ती तगवता येतात. टमाटे, मेथी, पालक आणि सांबार (कोथिंबीर) यांचे दिवस हिवाळ्याचे.

काळ्या जमिनीत परसबाग करताना आणखी एक काळजी घ्यावी. आपली माती पावसात पाणी धरून ठेवते आणि मुळे सडतात, म्हणून वाफे वीतभर उंच करावेत आणि मातीत शेणखताबरोबर थोडा मुरूम मिसळावा. अळीसाठी ५ टक्के निंबोळी अर्क पुरेसा होतो; एका लिटर पाण्याला ५० ग्रॅम वाटलेली निंबोळी रात्रभर भिजवून सकाळी गाळून फवारावी. वानरांचा प्रश्न मात्र केंद्राच्या सल्ल्याने सुटलेला नाही. टोळी आली की वांगी, काकड्या आणि कोवळे कोहळे काही मिनिटांत फस्त होतात आणि कुंपणाला बांधलेल्या जुन्या साड्यांना वानरे जुमानत नाहीत. वर जाळी घातलेल्या वाफ्यात पिके वाचतात, परंतु जाळीचा खर्च प्रत्येक घराला झेपणारा नाही. मिरची आणि हळदीला ती सहसा हात लावत नाहीत, म्हणून उघड्या कडेला आम्ही तीच लावतो. गटाने जाळी एकत्रित खरेदी करून हप्त्यांवर दिली, तर रोपांपेक्षाही तिची मागणी अधिक होईल, असे मला खात्रीने वाटते.

हिवाळ्यात भाजी घरात मावेनाशी होते, तेव्हा वांग्याच्या आणि टमाट्याच्या फोडी वाळवून ठेवाव्यात (आमच्याकडे याला खुला म्हणतात), चवळी-मुगाच्या वड्या घालाव्यात. मृगाच्या पावसाने बाजार महागतो त्या दिवसांत, डाळीच्या वरणात टाकलेल्या मूठभर वाळल्या वांग्यांवर एका वेळची भाजी सहज निघते.

ज्यांची स्वतःची तूर नाही, त्यांनाही केंद्राचा उपयोग आहे. जानेवारीत शेतकऱ्याकडून थेट घेतलेली तूर इथे आणून भरडता येते, आणि अडत व वाहतूक वाचल्यामुळे दोघांचेही भले होते. ज्यांच्या घरी माणसे दोनच आहेत, त्यांनी मात्र शेजारणीबरोबर मिळून ५० किलोंच्या वरचा घाणा लावावा, म्हणजे तूर दुसऱ्याच्या मालात मिसळली जाणार नाही. नाव जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यातच नोंदवावे, पोती स्वतःची आणि धुतलेली न्यावीत, आणि डाळ घेताना टरफल व चुनीसह सगळे वजन समोर करून घ्यावे. हरभऱ्याची भरडाई मार्चअखेरीस सुरू होते. त्याचा दर तुरीइतकाच आहे आणि तेव्हा गर्दीही पुष्कळ कमी असते.